नेमकं काय तुटतं?

कार्बन डायऑक्साईड आणि वाळू, या दोन पदार्थांचा एकदा एकत्र विचार करून बघा. आवर्तसारणीत कार्बनच्या बरोब्बर खाली सिलिकॉन बसलाय, दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, दोघांचीही संयुजा चार, आणि ऑक्सिजनशी संयोग झाला की सूत्रही एकसारखंच, एका अणूमागे दोन ऑक्सिजन. कागदावर ही सख्खी भावंडं. प्रत्यक्षात मात्र एक आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडणारा वायू, जो साध्या दाबाला उणे 78 अंशांच्या खाली नेल्याशिवाय घन व्हायचं नाव घेत नाही, आणि दुसरी वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, गारगोटी, जी वितळवायची तर 1700 अंशांच्या आसपास जावं लागतं. इतका फरक कुठून आला?

पटकन तोंडात येणारं उत्तर असं की वाळूतले बंध मजबूत असणार आणि कार्बन डायऑक्साईडमधले कमकुवत. ऐकायला अगदी बरोबर वाटतं, आणि आकडे समोर ठेवले की पार कोसळतं. कार्बन डायऑक्साईडमधला कार्बन-ऑक्सिजनचा एकेक दुहेरी बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं एक ठरलेलं मोठं माप) 800 किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, आणि वाळूतला सिलिकॉन-ऑक्सिजनचा एकेरी बंध साधारण 450 मध्ये तुटतो. म्हणजे वायूतला बंध वाळूतल्या बंधाच्या पावणेदोन पट मजबूत, आणि तरी तो वायूच.

मला रसायनशास्त्राची खरी गोडी लागली ती याच जागी. कारण इथे लक्षात येतं की बंध किती मजबूत आहे हा प्रश्न अर्धवट आहे, त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो: हा पदार्थ वितळताना, उकळताना, वाकताना, फुटताना नेमकं काय तुटतं? कार्बन डायऑक्साईडचा प्रत्येक रेणू स्वतःपुरता पूर्ण असतो, एक कार्बन, दोन ऑक्सिजन, संपलं. घनाचा वायू होताना हे रेणू फक्त एकमेकांपासून लांब जातात, रेणूच्या आतल्या 800 किलोज्यूलच्या बंधाला कोणी हातही लावत नाही. वाळूत असा सुटा रेणू नसतोच. एका सिलिकॉनला चार ऑक्सिजन, त्यातल्या प्रत्येक ऑक्सिजनला पलीकडे दुसरा सिलिकॉन, त्याला पुन्हा चार ऑक्सिजन, असं ते जाळं कणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड विणलेलं असतं, आणि वितळवायचं म्हणजे हे जाळंच तोडायचं.

आता कार्बनने दुहेरी बंध आणि सिलिकॉनने एकेरी बंध का निवडले, तर त्यालाही कारण आहे. कार्बनचा अणू लहान, ऑक्सिजनही लहान, त्यामुळे दोघांची कक्षकं, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या वावराच्या जागा, बाजूने एकमेकांवर नीट येतात आणि दुहेरी बंध छान जमतो. सिलिकॉन मोठा पडतो, बाजूची गाठ नीट बसत नाही, मग त्याला दोन दुहेरी बंधांपेक्षा चार एकेरी बंध जास्त परवडतात. हा 'परवडण्याचा' हिशोब किती खरा आहे बघा, 1999 मध्ये संशोधकांनी कार्बन डायऑक्साईडला वातावरणाच्या दाबाच्या जवळपास चार लाख पट दाबाखाली धरून लेझरने तापवलं, तर त्या दाबाखाली त्याने दुहेरी बंध सोडून क्वार्ट्झसारखं एकेरी बंधांचं जाळं धरलं. म्हणजे कार्बन डायऑक्साईडचा दगड! दाब काढला की अर्थात ते टिकत नाही, पण मला हा प्रयोग प्रचंड आवडतो, कारण वायू असणं हा कार्बन डायऑक्साईडचा जन्मजात स्वभाव नसून आपल्या दाबातापमानाला जमलेला हिशोब आहे हे त्यात सरळ दिसतं.

क्लोरीन, आयोडीन यांच्या हॅलोजन कुटुंबातही हीच गोष्ट दिसते. क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडायला 242 किलोज्यूल लागतात, आयोडीनच्या फक्त 151, पण क्लोरीन वायू आणि आयोडीन घन. कारण आयोडीनचा अणू मोठा, त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग ढिला, तो क्षणभर इकडेतिकडे झुकला की शेजारच्या रेणूतही तसाच झुकाव तयार होतो आणि दोघं एकमेकांना किंचित ओढतात. हे आकर्षण कसं येतं हे फ्रिट्झ लंडन यांनी 1930 मध्ये पुंज यांत्रिकीतून (क्वांटम मेकॅनिक्समधून) मांडलं. रेणूरेणूंमधल्या अशा क्षीण आकर्षणांना व्हॅन डर वाल्स बलं म्हणतात, त्यातला हा सगळ्यात सार्वत्रिक प्रकार, हेलियमसारख्या एकलकोंड्या वायूलाही हे बल चुकत नाही, फक्त तिथे ते इतकं क्षीण आहे की हेलियम उणे 269 अंशांपर्यंत वायूच राहतो.

क्षीण म्हणून ते नगण्य मात्र नाही. गुळगुळीत काचेवर पाल उलटी चालते तेव्हा तिच्या पायाला कसलाही चिकट पदार्थ नसतो. टोके जातीच्या पालीच्या एकेका पावलावर जवळपास पाच लाख बारीक केस असतात, प्रत्येक केसाची टोकं पुन्हा शेकडो सूक्ष्म चपट्या पात्यांमध्ये विभागलेली, आणि ती पाती पृष्ठभागाच्या इतक्या जवळ जातात की ही क्षीण बलं मिळून अख्ख्या पालीचं वजन पेलतात. 2002 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं, पाणी आवडणाऱ्या आणि पाणी झटकणाऱ्या, दोन्ही पृष्ठभागांवर पाल सारखीच चिकटते, म्हणजे काम व्हॅन डर वाल्स बलांचंच.

पाण्यावर मात्र जरा थांबायला हवं. पाणी उकळताना काय तुटतं? अठरा ग्रॅम म्हणजे एक मोल पाणी 100 अंशांना वाफ व्हायला साधारण 41 किलोज्यूल घेतं. त्याच अठरा ग्रॅममधले सगळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायचे म्हटले तर 900 च्या वर लागतील. म्हणजे उकळताना पाण्याचा रेणू आपल्या जागी शाबूत असतो, वाफ म्हणजे पाणीच, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे झालेले नसतात. 2000 अंशांपर्यंत तापवलं तरी वाफेतले थोडेसेच रेणू फुटतात. उकळताना तुटतात ते रेणूरेणूंमधले हायड्रोजन बंध, एका रेणूच्या हायड्रोजनची शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे असलेली ओढ.

आणि ही ओढ नसती तर काय झालं असतं याचा अंदाज पाण्याच्या घराण्याकडे बघून बांधता येतो. आवर्तसारणीत ऑक्सिजनच्या खाली एकाखाली एक गंधक, सेलेनियम, टेल्युरियम. हायड्रोजन टेल्युराईड उणे 2 अंशांना उकळतं, हायड्रोजन सेलेनाईड उणे 41, हायड्रोजन सल्फाईड उणे 60. रेणू हलका होत जातो तसा उत्कलनांक खाली येतोय, ही रेघ अशीच पुढे नेली तर पाणी उणे 70-80 च्या आसपास उकळायला हवं होतं. त्याऐवजी ते उकळतं अधिक 100 ला. जवळपास पावणेदोनशे अंशांचा हा फरक फक्त हायड्रोजन बंधाने पाडलाय, आणि एकेकटा हायड्रोजन बंध बघाल तर साध्या सहसंयुज बंधाच्या (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन झालेल्या बंधाच्या) मानाने वीसेक पटीने दुबळा, द्रव पाण्यात तर तो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या हिशोबाने जुळतो, तुटतो, दुसऱ्या कोणाशी जुळतो.

बर्फ झाला की हे जुळणं-तुटणं थांबतं, प्रत्येक रेणू बरोब्बर चार शेजाऱ्यांना धरून बसतो, आणि ही चौघांची मांडणी दिशा सांभाळून करायची असल्यामुळे मध्ये मोकळी जागा राहते. म्हणून बर्फाची घनता 0.917, पाण्यापेक्षा कमी, म्हणून तो तरंगतो, म्हणून थंड प्रदेशातली तळी वरून गोठतात आणि खाली चार अंशांच्या आसपासच्या पाण्यात मासे जगतात. बहुतेक पदार्थांचा घनरूप द्रवात बुडतो. पाण्याचं वेगळेपण हे की त्याच्या बंधाला दिशा आहे. मला वाटतं बंधाची दिशा हा मुद्दा शिकवताना फार लवकर मागे टाकला जातो, मजबुतीबद्दल सगळे बोलतात, दिशेबद्दल कमी बोलतात, आणि पदार्थाचे अर्धे गुणधर्म या दिशेतून येतात.

आता मीठ. सोडियमला एक इलेक्ट्रॉन नकोसा, क्लोरीनला एक हवासा, सोडियमने दिला, क्लोरीनने घेतला, दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण झालं, दोघंही सुखी, ही गोष्ट आपण सगळे ऐकत आलोय. लक्षात राहायला सोपी आहे, मान्य, पण हिशोब मांडून बघा. सोडियमच्या अणूकडून इलेक्ट्रॉन काढायला 496 किलोज्यूल मोजावे लागतात, सोडियम तो आनंदाने देत वगैरे नाही. क्लोरीनला तो मिळाल्यावर परत येतात 349. म्हणजे ही देवाणघेवाण एवढ्यावर थांबली तर 147 किलोज्यूलचा सरळ तोटा आहे. अष्टकाच्या हौसेपोटी कोणताही अणू हा तोटा सोसणार नाही. मग मीठ तयार होतंच कसं? तर देवाणघेवाण झाल्यावर जे धन आणि ऋण आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, तयार झाले ते एकमेकांना ओढतात, एकाभोवती सहा विरुद्ध, त्या प्रत्येकाभोवती पुन्हा सहा, असं त्रिमितीत जालक रचत जातात, आणि या रचनेतून मोलमागे 787 किलोज्यूल बाहेर पडतात. तोटा तिथे भरून निघतो आणि वर भरपूर शिल्लक राहते. खरं श्रेय जालकाचं, अष्टकाचं नाव उगाच मोठं झालंय.

या जालकात सोडियम क्लोराईडचा सुटा रेणू नसतो, कोणता सोडियम कोणत्या क्लोरीनचा हे ठरवताच येत नाही. ब्रॅग पितापुत्रांनी 1913 मध्ये क्षकिरणांनी मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, दोन वर्षांनी दोघांना मिळून नोबेल मिळालं, मुलगा लॉरेन्स तेव्हा 25 वर्षांचा होता. तरी जुन्या वळणाच्या रसायनशास्त्रज्ञांना रेणूच नाही ही कल्पना पचेना. हेन्री आर्मस्ट्राँग यांनी तर 1927 मध्ये 'नेचर'मध्ये पत्र लिहून ही बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी म्हणजे निव्वळ मूर्खपणा आहे असा राग काढला. मला त्यांचा राग समजू शकतो, आयुष्यभर ज्या सूत्राला रेणू मानलं ते सूत्र फक्त प्रमाण निघालं तर माणूस हादरणारच. पण स्फटिक ब्रॅगच्या बाजूने होता.

तो स्फटिक हातात घेऊन बघण्यासारखा असतो. मिठाचा जरा मोठा खडा भिंगाखाली धरला की कडा काटकोनात दिसतात, आणि त्याच्या एका बाजूला समांतर ब्लेडची धार ठेवून वरून हलका ठोका दिला तर तो चुरडत नाही, सपाट, चकचकीत पृष्ठ मागे सोडून सरळ दुभंगतो, आणि मिळालेल्या तुकड्यांच्या कडा पुन्हा काटकोनातच. ठोक्याने आयनांचा एक थर दुसऱ्यावर अगदी किंचित, शेजारच्या आयनापुरता, सरकतो. हे अंतर एका मिलिमीटरच्या साधारण 35 लाखाव्या भागाइतकं, पण तेवढ्या सरकण्याने धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, आणि एवढा वेळ ओढून धरणारं बलच ढकलायला लागतं. आयनिक पदार्थ कठीण असून ठिसूळ का, याचं उत्तर त्या एका ठोक्यात आहे.

हेच मीठ वितळवायला 801 अंश लागतात आणि साध्या पाण्यात मात्र ते बघता बघता नाहीसं होतं. यात विरोधाभास वाटतो, पण पुन्हा तोच प्रश्न विचारा. जालक दोन्हीकडे तुटतंय, फरक इतकाच की एकीकडे सगळी किंमत उष्णतेला मोजावी लागते आणि दुसरीकडे पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाला वेढून जवळपास सगळी किंमत भरून देतात. मोलमागे जेमतेम चारेक किलोज्यूल कमी पडतात, म्हणून मीठ विरघळताना पाणी अगदी किंचित गार होतं.

अष्टकाच्या गोष्टीला सगळ्यात मोठा धक्का बसला तो 1962 मध्ये. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट तेव्हा कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात काम करत होते. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराईड हा गडद लाल वाफेचा पदार्थ इतका आधाशी की तो थेट ऑक्सिजनच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी आकडे ताडून बघितले. ऑक्सिजनच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन काढायला 12.07 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचंच एक माप), आणि झेनॉनकडून 12.13. जवळपास तेवढेच! झेनॉन म्हणजे राजवायू, अष्टक पूर्ण, कोणाशी संयोग नाही असं सगळीकडे छापलेलं. बार्टलेटनी लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र सोडले आणि साध्या तापमानाला नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. त्याच वर्षी झेनॉनची फ्लोराईडंही हाती आली. लायनस पॉलिंग यांनी हे शक्य आहे असं 1933 मध्येच म्हटलं होतं, प्रयत्नही झाला होता, तो फसला आणि विषय मागे पडला. मधली जवळजवळ तीस वर्षं 'पूर्ण अष्टक' या दोन शब्दांच्या भरवशावर गेली, आणि ज्याने शब्द बाजूला ठेवून दोन आकडे शेजारी लिहिले त्याला दार उघडं दिसलं. मला विचाराल तर शाळेच्या पुस्तकात अष्टकाच्या आकृतीखाली हे दोन आकडे छापायला हवेत.

जाता जाता आणखी एका समजुतीबद्दल. 'बंधात ऊर्जा साठवलेली असते, बंध तुटला की ती बाहेर पडते' असं खूप ठिकाणी लिहिलेलं सापडतं, आणि ते उलटं आहे. बंध तोडायला नेहमी ऊर्जा घालावी लागते, बंध जुळताना ती बाहेर येते, याला अपवाद शोधायला जाऊ नका. स्फोटकं एवढी ऊर्जा देतात ती तुटण्यातून येत नाही, तुटलेल्या अणूंमधून नायट्रोजनसारखे अतिशय घट्ट रेणू नव्याने जुळतात त्यातून येते. नायट्रोजनचा तिहेरी बंध 945 किलोज्यूलचा आहे, नायट्रोजन गाठ मारतो ती अशी की सहजी सुटत नाही. हवेचा 78 टक्के भाग त्याने व्यापलाय तो याच घट्टपणामुळे आपल्याभोवती शांत बसलाय.

धातूंकडे वळू. तांब्याची एक जाडशी, मऊ तार घ्या, बोटांनी वाकवा, सहज वाकते. मिठासारखी फुटत का नाही? कारण धातूत इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे नसतात, सगळ्यांचे मिळून असतात, थर सरकला तरी समोर येणारा अणू तसाच, मधला इलेक्ट्रॉनांचा साठा तसाच, ढकलाढकलीची वेळच येत नाही. वर्धनीयता (ठोकून पत्रा होणं) आणि तन्यता (ओढून तार होणं) इथून येते, एक ग्रॅम सोन्याचा चौरस मीटरभर पत्रा ठोकून काढता येतो, म्हणजे जाडी फक्त पन्नासेक नॅनोमीटर, काही शे अणू.

पण ती तार त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवून बघा. दुसऱ्यातिसऱ्या वेळेला बोटांना जाणवतं की ती अडून बसायला लागलीय, वाकवायची जागा सोडून शेजारून वाकते, जोर लावावा लागतो, आणि शेवटी तिथेच कट्कन तुटते. तांबं तेच, अणू तेच, बंध तेच, मग एवढं बदललं काय? याचं उत्तर 1934 मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी वेगवेगळं, आपापल्या परीने दिलं. त्याआधी एक कोडं होतं, अख्खा थर एकदम सरकवायचा असेल तर गणिताने जेवढं बल यायचं त्याच्या कितीतरी पट कमी, कधी हजारपट कमी बलाने खरे धातू वाकत होते. कारण थर एकदम सरकतच नाही. स्फटिकाच्या रचनेत चुका असतात, एखादी ओळ मध्येच संपलेली असते, आणि ती चूक एकेक पाऊल पुढे सरकते, जड जाजम अख्खं ओढण्याऐवजी त्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलावी तसं. एका वेळी फक्त त्या सुरकुतीपाशी असलेले बंध सुटतात आणि लगेच नवे जुळतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की अशा असंख्य चुका तयार होऊन एकमेकींत अडकतात, कोणालाच पुढे जाता येत नाही, तार कडक होते. ज्योतीत लालभडक होईपर्यंत तापवली की अणूंची पुनर्रचना होते, गुंता सुटतो, तार परत मऊ. लोखंडात थोडा कार्बन घातला की पोलाद कडक होतं त्यामागेही हेच, परके अणू चुकांची वाट अडवतात. धातूचा बंध समजला म्हणजे धातू समजला असं होत नाही, त्याच्या चुका समजाव्या लागतात, आणि मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

पाऱ्याचा उल्लेख केल्याशिवाय धातू सोडवत नाहीत. टंगस्टन 3422 अंशांना वितळतो आणि पारा उणे 39 ला, दोघंही धातूच. पाऱ्याच्या केंद्रकात 80 प्रोटॉन, त्यांच्या ओढीने आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की आइन्स्टाईनचा सापेक्षतावाद लागू पडतो, बाहेरची कक्षाही आक्रसते आणि तिथले दोन इलेक्ट्रॉन बंधासाठी पुढे यायला नाखूष होतात. 2013 मध्ये झालेल्या संगणकीय गणितात सापेक्षतावाद वगळून बघितलं तर पारा 80 अंशांच्या वर वितळेल असं उत्तर आलं. तापमापीतला तो चकचकीत थेंब द्रव आहे याचं कारण प्रकाशाच्या वेगापर्यंत जाऊन पोहोचतं!

हिरा आणि ग्राफाईटची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, दोघंही कार्बनच, एक सगळ्यात कठीण आणि दुसरा कागदावर उमटणारा. लाव्हाझिए यांनी 1772 मध्ये मोठ्या भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून हिरा जाळला होता आणि 1797 मध्ये स्मिथसन टेनंट यांनी हिरा आणि कोळसा सारख्या वजनाचे जाळले तर कार्बन डायऑक्साईडही सारखाच मिळतो हे दाखवलं. हिऱ्याबद्दल कठीणपणापेक्षा मला जास्त नवल वाटतं ते त्याच्या उष्णतावहनाचं. वीज तो वाहून नेत नाही, मोकळे इलेक्ट्रॉनच नाहीत, पण उष्णता तांब्यापेक्षा पाचेक पट चांगली नेतो, कारण हलके अणू आणि ताठ बंध असल्यामुळे एका टोकाचं कंपन दुसऱ्या टोकाला जवळजवळ विनाअडथळा जातं.

ग्राफाईटबद्दल पुस्तकात असतं की थराच्या आत घट्ट सहसंयुज बंध, थराथरांत क्षीण व्हॅन डर वाल्स बल, म्हणून थर घसरतात, म्हणून ते वंगण. पटतं ना? पण दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंचावरून उडायला लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांमधले ग्राफाईटचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज वाहून नेणारे ठोकळे, जे जमिनीवर नीट चालायचे, ते तिथल्या विरळ, कोरड्या हवेत भराभर झिजून त्यांची भुकटी व्हायला लागली. बल तेच क्षीण बल, मग घसरण कुठे गेली? शोधाअंती कळलं की ग्राफाईटला बाष्प लागतं. थरांच्या कडांवरच्या अणूंना अर्धवट सुटलेले, भुकेले बंध असतात, हवेतलं पाणी ते शांत करतं, पाणी नसलं की त्या कडा समोरच्या पृष्ठाला घट्ट धरतात आणि मग घसरण्याऐवजी ओरबाडणं सुरू होतं. म्हणून अंतराळयानात ग्राफाईटऐवजी मॉलिब्डेनम डायसल्फाईड वापरतात, त्याला निर्वातच मानवतो. नेमकं काय तुटतं याचं उत्तर कधीकधी पदार्थाच्या बाहेर, आजूबाजूच्या हवेत असतं, हे मला या ब्रशांमुळे पटलं.

आणि मग रबर. रबर ताणताना काय तुटतं? काहीच नाही! एक रुंद रबरबँड घ्या, वरच्या ओठाला हलकेच लावून बघा, मग बाजूला घेऊन झटकन ताणा आणि ताणलेलंच पुन्हा ओठाला लावा, कोमट लागतं. तसंच ताणून थोडा वेळ धरा, मग सैल सोडून लगेच लावा, गार लागतं. जॉन गॉफ नावाच्या इंग्रज अभ्यासकाने 1805 मध्ये हा प्रयोग असाच ओठांनी केल्याचं लिहून ठेवलंय, ते दृष्टिहीन होते, स्पर्शावर त्यांची भिस्त होती. वजन लटकवलेलं रबर तापवलं तर लांबण्याऐवजी आखडतं हेही त्यांनी पाहिलं होतं, धातूच्या तारेच्या अगदी उलट. कारण स्प्रिंगमध्ये बंध ताणले जातात, रबरात मात्र हजारो दुव्यांच्या लांब साखळ्या, ज्या एरवी वेड्यावाकड्या वळवळत असतात, त्या नुसत्या सरळ होतात. परत आखडतात त्या उष्णतेच्या धक्क्यांनी पुन्हा वेड्यावाकड्या होण्यासाठी, आणि तापवलं की धक्के वाढतात.

गार केलं की धक्के कमी होतात आणि साखळ्या शेजारच्या साखळीच्या क्षीण ओढीतच अडकून पडतात. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर हे अमेरिकेचं अंतराळयान झेपावलं तेव्हा हवा जेमतेम 2 अंश होती, बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग थंडीने ताठरली होती आणि उघडणारी फट तिने वेळेत भरली नाही, आणि यान आकाशातच नष्ट झालं.

कच्चं रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये सापडलं की गंधकाबरोबर तापवलं की ते सुधारतं, कारण गंधकाचे अणू शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात आणि साखळ्या एकमेकींवरून घरंगळून जात नाहीत. जगातला जवळजवळ प्रत्येक टायर असा बांधलेला आहे, आणि म्हणूनच जुना टायर वितळवून नवा करता येत नाही. प्लास्टिकची पिशवी वितळते कारण तिथे फक्त साखळ्या सुट्या करायच्या असतात, टायरमध्ये खरे सहसंयुज पूल तोडावे लागतात. गंधक-गंधक बंध साधारण 265 किलोज्यूलचा, साखळीतला कार्बन-कार्बन 350 च्या आसपास, आणि गंधक-कार्बन या दोघांच्या मधे कुठेतरी. तापवत गेलं तर एवढ्या अरुंद फरकात पूल तेवढे तुटले आणि साखळ्या वाचल्या असं नीट होत नाही, दोन्ही तुटतात आणि हाती येतं ते मूळ रबरापेक्षा दुबळं. सूक्ष्मतरंग, ध्वनिलहरी, जिवाणू, वेगवेगळी रसायनं, सगळ्या वाटांनी प्रयत्न चालू आहेत, आणि सगळ्यांचं लक्ष्य एकच, गंधकाचा पूल तोडायचा आणि कार्बनच्या साखळीला धक्का लावायचा नाही.